चूक, पण मोजूनमापून

पाण्याच्या बाटलीवर 'बिल्सेरी' दिसलं की आपण हसतो, फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. छापणाऱ्याला साधं स्पेलिंग येत नाही, असा आपला समज. पण नीट बघा. इंग्रजी सात अक्षरांपैकी त्याने फक्त एस आणि एल यांची अदलाबदल केलेली असते. सुरुवातीची दोन आणि शेवटची तीन अक्षरं जागच्या जागी, शब्दाची लांबी तीच, लेबलाचा निळसर हिरवा रंगही तोच. कुठे चुकायचं आणि कुठे अजिबात चुकायचं नाही हे ज्याने ठरवलं, त्याला स्पेलिंग चांगलंच येतं.

ही चूक हिशेबाची असते. एकीकडे गिऱ्हाइकाची नजर, दुसरीकडे कायदा, आणि या दोघांमधल्या चिंचोळ्या जागेत ते नाव बसवायचं असतं. फार जवळ गेलं तर सरळ फौजदारी, फार लांब गेलं तर माल उठत नाही. हे कसं चालतं ते समजून घ्यायला गोंदिया जिल्हा बरा. तांदळाच्या गिरण्या आणि बीडी यांच्यासाठी ओळखला जाणारा हा मुलूख. त्यातही बीडीचा धंदा असा, की नाव काढून घेतलं तर मालकाजवळ फारसं काही उरत नाही.

आधी बाजारातली वर्गवारी बघू. 'लोकल' म्हणजे कुणीतरी आपल्याच नावाने काढलेला स्वस्त माल. त्यात फसवणूक नाही. साबण कमी फेसाळेल, एवढंच. 'डुप्लिकेट' म्हणजे नाव, रंग, पत्ता, बॅच नंबर सगळं हुबेहूब. हा सर्वांत घातक प्रकार, आणि त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही, कारण त्याचं स्पेलिंग अचूक असतं. आपल्याला हसवतो तो या दोघांच्या मधला, म्हणजे 'कॉपी'. क्लिनिक प्लसच्या जागी क्लिंटन प्लस, पॉन्ड्सच्या जागी पोलन्स. पकडला गेलाच तर तो साळसूदपणे म्हणू शकतो, "साहेब, माझं नावच वेगळं आहे."

हे नाव बेततात कसं? आपण एखादा शब्द पहिल्यांदा वाचतो तेव्हा अक्षरं लावतो. शंभराव्यांदा लावत नाही; शब्दाचा आकार बघूनच तो ओळखतो. कोणतं अक्षर उंच, कोणतं खाली लोंबणारं, शब्द केवढा, रंग कोणता, एवढ्यावर भागतं. कॉपीवाला नेमकं हेच जपतो. आदिदासचं 'अबिबास' करणाऱ्याने इंग्रजी 'डी'चं पोट एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेलं आणि 'बी' केला. उंची तीच, गोलाई तीच. चार हात लांबून बुटाकडे बघणाऱ्याला फरक कळायचं कारण नाही.

यात लिपीचाही भाग आहे आणि तो आपल्याकडे फार मोठा आहे. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या आठवडी बाजारात येणारा माणूस घरी गोंडी, पोवारी, छत्तीसगडी किंवा मराठी बोलेल, दुकानदाराशी हिंदीत बोलेल आणि वाचायला आलं तर देवनागरी वाचेल. पुड्यावरची अक्षरं मात्र इंग्रजी. त्याच्यासाठी ती अक्षरं नसतातच, ते चित्र असतं. 'विजय'चं 'विजया' केलं तर तोच माणूस चटकन म्हणेल, हे ते नव्हे. इंग्रजीत एस पुढे की एल पुढे, याने त्याला काय फरक पडणार? बिस्लेरीने २०१७ साली बाटलीवर प्रादेशिक भाषांतली लेबलं आणली, मराठीही त्यांत होती. कंपनीने हे काही आपल्या भाषाप्रेमापोटी केलं असेल असं मला वाटत नाही. देवनागरीत 'बिल्सेरी' लपून राहत नाही, हे त्यातलं व्यवहारी शहाणपण.

कधी उलटंही होतं. लाइफबॉयच्या मूळ स्पेलिंगमध्ये एक 'यू' आहे. आपण तो कधी उच्चारत नाही, तो का आहे याचा विचारही करत नाही. कॉपीवाल्याने तो गाळला की त्याचं नाव आपल्या तोंडच्या उच्चाराला अस्सलापेक्षा जवळचं होतं. आणि देवनागरीत लिहिलं तर दोन्ही नावं एकच!

आता बीडी. मध्य भारतात हा धंदा वाढला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गुजरातेतून आलेल्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या हातून. जंगलात तेंदूपत्ता भरपूर, बंगाल-नागपूर रेल्वेने माल बाहेर जायची सोय झालेली आणि वळणारे हात घरोघरी. गोंदियात या धंद्यातून उभं राहिलेलं मोठं नाव मनोहरभाई पटेलांचं. त्यांनीच १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. बीडीचा तो जोर आता राहिलेला नाही, पण नाव आणि माल यांचं नातं समजायला तिच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

बीडी कारखान्यात यंत्रावर होत नाही. ठेकेदार पान, तंबाखू आणि दोरा घरी देऊन जातो, बाई पान कापून बीडी वळते, ठेकेदार मोजून घेऊन जातो. दोन मालकांच्या बीड्या एकाच गल्लीत, कदाचित एकाच ओसरीवर वळल्या जातात. मग फरक कशाने पडतो? तंबाखूच्या मिश्रणाने थोडा, बाकी बंडलावर चिकटवलेल्या कागदाने. त्या कागदावर मालकाचं नाव असतं, आणि वाचता न येणाऱ्यासाठी आणखी तीन गोष्टी: एक चित्र, एक आकडा आणि बहुतेक वेळा मालकाचा किंवा त्याच्या वडिलांचा टोपी-पगडीतला फोटो. पश्चिम बंगालची पताका बीडी '५०२' या आकड्याने ओळखली जाते, मंगळूरची गणेश बीडी देवाच्या नावाने.

त्या कागदाची किंमत किती, याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. मंगळूर गणेश बीडी वर्क्सच्या भागीदारांत बिनसलं आणि भागीदारी मोडली. १९९४ मध्ये धंद्याचा लिलाव झाला, बोली गेली ९२ कोटी रुपयांवर. घेणाऱ्यांनी त्यातले ५४ कोटी ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि धंद्याचं तंत्र या न दिसणाऱ्या मालमत्तेपोटी धरले. आयकर खात्याशी वाद झाला, तो चालत चालत २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात संपला आणि निकाल धंदेवाल्यांच्या बाजूने लागला. निम्म्याहून जास्त पैसा अशा गोष्टींचा, ज्या गोदामात दाखवता येत नाहीत! मग तो कागद दुसऱ्या कुणाला छापावासा वाटला, तर नवल काय?

समजा, 'बदक छाप, ७३ नंबर' अशी एक बीडी आहे. (नाव माझंच, बाजारात शोधू नका.) पिवळा कागद, मध्ये डावीकडे तोंड केलेलं बदक, कोपऱ्यात पगडीवाले शेठजी, खाली लाल पट्टी. कॉपी काढणारा बदकाला हात लावणार नाही. तो 'हंस छाप' काढेल, पण हंसाची मान बदकाएवढीच आखूड ठेवेल आणि तोंड डावीकडेच. आकडा ३७. फोटोत दुसरेच कुणीतरी शेठजी, पगडी मात्र तशीच. पिवळा कागद आणि लाल पट्टी यांना तो मुळीच धक्का लावणार नाही, कारण पानठेल्यावर संध्याकाळी मिणमिणत्या उजेडात तेवढंच दिसतं. खरा मालक सावधगिरी म्हणून लेबलावर 'नक्कालों से सावधान' छापतो. कॉपीवालाही छापतो! त्याला वगळून कसं चालेल, मूळ लेबलाचा तो भागच आहे.

आपल्याकडे जोडशब्दांचीही एक तयार पेटी आहे. पुढे 'न्यू', 'श्री' किंवा 'असली' लावायचं. मागे 'गोल्ड', 'सुपर', 'स्पेशल', नाहीतर 'इंडिया'. उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा उलगडा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करतात. त्यातलं खरं किती आणि विनोद किती, हे तिथल्या लोकांनाच विचारायला हवं, पण युक्तीची जात हीच.

छपाईचा अडसर पूर्वी मोठा होता. शाम्पूच्या पुडीसारखं चकचकीत पाकीट छापायचं तर दर रंगाला एक वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो. पाच रंगांना पाच. हा खर्च निघायला माल हजारांनी नव्हे, लाखांनी खपावा लागतो, म्हणून शाम्पूची पुडी ही हौशी माणसाची कॉपी कधीच नसते. मागे बऱ्यापैकी भांडवल असतं. बीडीचं लेबल, बाटलीचा पट्टा किंवा साबणाचं वेष्टन साध्या ऑफसेटवर निघतं, तिथे कोणीही उतरू शकतो. एक अडचण बीडीवाल्यांवर कायद्याने आणली आहे. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याला द्यावा लागतो. नावाला, चित्राला आणि शेठजींना मिळून उरते ती १५ टक्के जागा. तेवढ्या जागेत अस्सल आणि कॉपी आणखीच सारखे दिसतात.

विक्रीची साखळी फार गुंतागुंतीची नाही. कंपनीच्या मालावर गावातल्या दुकानदाराला मिळणारी सूट बेताची असते आणि पैसे लवकर भरावे लागतात. कॉपीचा माल घेऊन येणारा माणूस जास्त सूट देतो, उधारी ठेवतो, वर एक पेटी फुकट देण्याचीही तयारी दाखवतो. पाच-दहा रुपयांच्या पुडीत गिऱ्हाईक भांडत नाही. शिवाय पुष्कळदा गिऱ्हाईक म्हणून एखादं पोर येतं. त्याला घरून नाव सांगितलेलं नसतं, 'निळा साबण आण' असं सांगितलेलं असतं. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या किंवा कचारगडच्या यात्रेसारख्या गर्दीत तर विकणारा आणि घेणारा पुन्हा भेटण्याचा संभवच नसतो. परत करायला येणार कोण?

एक आडवळण घेतो, कारण गोंदियात बसून तांदळाचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. इथल्या बाजारात 'एचएमटी' तांदूळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ऐंशीच्या दशकात आपल्या बांधावर निवडून निवडून हे वाण काढलं आणि त्याला नाव मिळालं ते त्या काळी मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचं. स्पेलिंग अचूक, तरी ही नक्कल नव्हे. तांदूळ घेताना घड्याळाच्या कंपनीने भात पेरला असेल असं कुणाला वाटत नाही. नक्कल ठरायला गिऱ्हाइकाची गफलत व्हावी लागते, नुसतं नाव सारखं असून भागत नाही. या तांदळात खरी फसवणूक वेगळीच: पोत्यावर 'एचएमटी' आणि आत दुसराच बारीक तांदूळ. आणि खुद्द दादाजींच्या वाट्याला त्या नावातून पैसा आला नाही, २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही परिस्थिती ओढगस्तीचीच होती.

कायदा हीच गफलत मोजतो. भारतात १९४० पर्यंत ट्रेडमार्कचा स्वतंत्र कायदा नव्हता. व्यापारी आपल्या लेबलाचं जाहीरपत्र नोंदणी कचेरीत नोंदवायचे आणि वर्तमानपत्रात इशारा छापायचे. आज लागू आहे तो १९९९ चा कायदा, म्हणजे गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच सालचा. त्यात एक शब्दप्रयोग आहे, त्याचा भावार्थ 'फसगत होईल इतकं सारखं'. सगळे खटले त्या 'इतकं'भोवती फिरतात.

कोर्टाची मोजपट्टी मला आवडते, कारण ती बाजार ओळखून आहे. दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधायचा नाही, असं ती सांगते. गिऱ्हाइकाजवळ अस्सल पुडा नसतो, त्याची अर्धवट आठवण असते. सर्वसाधारण बुद्धीचा माणूस त्या आठवणीवर फसेल का, एवढंच बघायचं. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर बादली घेतलेली मुलगी होती, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, गाई, कोंबड्या. फक्त या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. आधीच्या कोर्टांना हे फरक मोठे वाटले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गाई किती आणि विळा कुठे हे गिऱ्हाईक मोजत बसत नाही. पार्ले जिंकली.

कानाचंही तसंच. दक्षिणेत 'श्री अंबाळ' नावाची तपकीर होती, दुसऱ्याने 'श्री आंडाळ' काढली. एक देवी, दुसरी वैष्णव संत कवयित्री. अर्थाने काही संबंध नाही. पण दुकानात मागताना दोन्ही सारखीच ऐकू येतात, म्हणून १९६९ मध्ये 'आंडाळ'ला नोंदणी नाकारली गेली. त्याच वर्षी शेतातल्या इंजिनांचा निकाल लागला. 'रस्टन' हे इंग्लंडचं नाव, आणि इथे कुणी काढलं 'रुस्तम इंडिया'. उच्च न्यायालयाला 'इंडिया' हा शब्द वेगळेपणाला पुरेसा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाला वाटला नाही: गिऱ्हाईक त्यावरून फार तर असं धरेल की रस्टनवाल्यांनी भारतात कारखाना काढला. आपल्या त्या जोडशब्दांच्या पेटीचा निकाल खरं तर तेव्हाच लागला आहे.

मात्र गप्प बसणाऱ्याला कायदा पुरता साथ देत नाही. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या १९६२ च्या खटल्यात नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत, हे न्यायालयाने मान्य केलं. पण लक्ष्मणधारा वर्षानुवर्षं उघड विकली जात होती आणि अमृतधारावाल्यांनी ते चालू दिलं होतं. परिणाम असा, की लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

प्रत्यक्ष कारवाईचं काय? दिवाणी दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. फौजदारीत सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, पण त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. गोंदियाहून ही कचेरी म्हणजे मुंबई, राज्याचं दुसरं टोक. मत येईपर्यंत माल जागेवर राहील, अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं. म्हणून कंपन्यांचे वकील दुसरा दरवाजा वापरतात. लेबल हे चित्र आहे, चित्राला कॉपीराइट आहे, आणि कॉपीराइट कायद्यात रजिस्ट्रारच्या मताची अट नाही. हा गुन्हा दखलपात्र असल्याचं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्यापासून ही वाट आणखी रुळली.

आणि माल दिसतो पण बनवणारा सापडत नाही, तेव्हा? त्यावर उच्च न्यायालयांत एक गमतीची पद्धत आहे. अज्ञात प्रतिवादीच्या जागी 'अशोक कुमार' असं नाव घालतात आणि त्या आदेशावर माल जप्त करतात. खोट्या नावाने धंदा करणाऱ्याला कायदाही खोट्याच नावाने हाक मारतो.

आतापर्यंतचं सगळं हसण्यावारी नेता येईल. औषधाचं येत नाही. गोंदियाच्या पूर्वेकडच्या जंगलपट्टीला हिवताप नवा नाही. मेंदूवर जाणाऱ्या हिवतापाच्या औषधांवरूनच 'फाल्सिगो' विरुद्ध 'फाल्सिटॅब' हा वाद उभा राहिला होता. २००१ मध्ये त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की औषधांच्या नावांना साध्या मालापेक्षा कडक कसोटी लावा. डॉक्टर आणि औषधविक्रेते जाणकार असले तरी घाईत त्यांचीही चूक होते. इंग्रजी कळणारे या देशात मूठभर आहेत, हेही त्या निकालात नोंदवलेलं आहे. औषधविषयक कायद्यात तर दुसऱ्या औषधासारखं भासवून फसवणारं औषध थेट 'बनावट'च्या व्याख्येत बसतं.

पुड्यावरची काही चिन्हं वाचायला शिकून ठेवा. नावाशेजारचं 'टीएम' कुणीही लावू शकतो, त्याला नोंदणी लागत नाही. त्यावर विसंबू नका. वर्तुळातला 'आर' फक्त नोंदलेल्या नावाला चालतो. खाण्याच्या वस्तूवर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक लागतो, आणि उत्पादकाचा पत्ता पुरा असावा लागतो. नुसतं 'मेड इन इंडिया' हा पत्ता नव्हे. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो मोबाइलवर तपासता येतो. घरात गोळ्या आणायला पोराला पाठवत असाल तर रंग सांगू नका. रिकामी पट्टी हातात द्या, आणि आलेलं नाव तिच्याशी अक्षर अक्षर लावून बघा. बिल घ्या. गडबड वाटली तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.